चकवा

१९४५ सालच्या सप्टेंबर महिन्यात, दुसरे महायुद्ध संपल्याला अवघे काही दिवस झाले असताना, लंडनच्या ईलिंग स्टुडिओने ‘डेड ऑफ नाइट’ नावाचा चित्रपट प्रदर्शित केला. निर्माते मायकेल बाल्कन. दिग्दर्शक मात्र चार: आल्बर्तो कावाल्कान्ती, बेसिल डिअर्डन, रॉबर्ट हेमर आणि चार्ल्स क्रायटन. एका बाहेरच्या गोष्टीच्या पोटात पाच गोष्टी, अशी त्याची घडण आहे. ‘वेताळपंचविशी’वर वाढलेल्या आपल्या वाचकाला ती नवी वाटू नये. पुढे १९६५ साली ‘डॉक्टर टेरर्स हाउस ऑफ हॉरर्स’, १९७२ साली ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ असे आणखी ब्रिटिश कथामालापट आले, ते ह्याच घराण्यातले. परंतु मूळपुरुषाची सर त्यांपैकी एकालाही नाही, असे माझे मत आहे. त्यांत रक्त अधिक आणि भय कमी.

धर्मगुरूने भुताखेतांच्या सिनेमावर लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्यांनी निश्चिंत असावे. ह्या चित्रपटात भुते आहेत खरी, पण त्यातली भीती भुतांची नाही.

गोष्ट अशी. वॉल्टर क्रेग हा वास्तुशिल्पी एका शनिवारी इंग्लंडच्या ग्रामीण भागातल्या एका जुन्या घरी येतो. मालकाला घराची वाढ करून घ्यायची आहे. घराचे नाव ‘पिल्ग्रिम्स फार्म’, म्हणजे यात्रेकरूचे शेत. दुरून घर दिसताच क्रेग गाडी थांबवतो, त्याच्याकडे पाहत राहतो, मान हलवतो आणि पुढे निघतो. आत पाहुणे जमलेले आहेत. त्यांतल्या एकालाही तो कधी भेटलेला नाही, आणि तरीही सगळे त्याच्या ओळखीचे आहेत. हे घर, ही माणसे त्याने स्वप्नात पाहिली आहेत, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. पुढे काय घडणार तेही त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवू लागते. एक काळ्या केसांची स्त्री येईल, तिच्याजवळ पैसे नसतील. डॉक्टरांचा चष्मा फुटेल. आणि शेवटी काही तरी भयंकर घडेल, आणि ते त्याच्याच हातून घडेल.

पाहुण्यांत डॉक्टर व्हान स्ट्राटन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्यांना ह्यातले काही पटत नाही. मग क्रेगची बाजू घेऊन एकेक पाहुणा आपापला विलक्षण अनुभव सांगतो, आणि डॉक्टर शांतपणे प्रत्येकाचा उलगडा करून देतात. मध्येच क्रेग उठतो, मला जाऊ द्या म्हणतो. त्याला आग्रहाने थांबवून घेतले जाते. अखेरीस तो आणि डॉक्टर दोघेच खोलीत उरतात, आणि तो त्यांचा गळा आवळतो. तेथून पुढे सगळ्या गोष्टी एकमेकींत कालवल्या जातात, ह्याच्या गोष्टीतला मनुष्य त्याच्या गोष्टीत शिरतो, आणि क्रेग आपल्या बिछान्यात दचकून जागा होतो. स्वप्नच होते तर! इतक्यात फोन वाजतो. कुणा अपरिचित गृहस्थाचे निमंत्रण आहे: आमच्या घराची वाढ करायची आहे, येता का? पत्नी म्हणते, जाऊन या, मनाला बरे वाटेल. तो नाणे उडवतो. कौल जाण्याचा पडतो. गाडी त्याच रस्त्याने, त्याच घरासमोर येऊन थांबते, तो मान हलवतो, आणि चित्रपट संपतो. संपतो असे म्हणायचे, एवढेच.

ह्या प्रकाराला आपल्याकडे फार जुने नाव आहे. आपण त्याला चकवा म्हणतो. खाडीकाठच्या आणि डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मुंजा, हडळ, पाण्यातला गिऱ्हा अशी बरीच मंडळी असतात. त्यांत चकव्याला रूप नाही. तो दिसत नाही, बोलत नाही, मानगुटीवर बसत नाही. रात्री पायवाटेने जाणारा मनुष्य तासभर चालतो आणि ज्या बाभळीपासून निघाला त्याच बाभळीशी येतो. पुन्हा निघतो, पुन्हा तीच बाभळ. अमावास्येच्या आसपास असे घडते म्हणतात. चकवा लागल्याचे कळले की चालणे थांबवावे, आहे तेथे बसावे आणि पहाट होऊ द्यावी, असा जुन्या लोकांचा सल्ला. वेताळाच्या गोष्टीतला विक्रम राजाही असाच त्याच त्या झाडाकडे खेपा घालतो. शेवटच्या गोष्टीला त्याला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो, आणि तेव्हा कुठे त्याच्या खेपा संपतात. क्रेगला मात्र बसून राहा असे सांगणारे कुणी नाही. जे आहेत ते चहा पुढे करतात आणि आणखी थोडे थांबा म्हणतात.

दिवाळे हे बेलापूरच्या टोकाशी, पनवेलच्या खाडीवर वसलेले गाव. वस्ती कोळी आणि आगरी समाजाची. मासळी बाजार, धक्का, दिवाळीतली बहिरीदेवाची यात्रा. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्या तिघांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे अशी कल्पना मांडली, १९७० साली सिडको आली, आणि क्रेगसारखे नकाशे घेऊन वास्तुशिल्पी ह्या काठावर उतरले. फरक एवढाच की त्यांना येथल्या कुणी निमंत्रण दिले नव्हते. आता गावाच्या चहूबाजूंना शहर आहे, आणि शहराबरोबर आलेल्या आमच्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी काही दिवाळ्यातच भाड्याच्या खोल्यांत राहतात.

नोव्हेंबर हा आपल्या ख्रिस्तसभेत मृतांच्या स्मरणाचा महिना. गेल्या नोव्हेंबरात आमच्या तरुण मंडळाने ‘काही तरी भीतीदायक’ दाखवण्याचा हट्ट धरला, तेव्हा मी हा चित्रपट लावला. सेमिनरीत तत्त्वज्ञानाचा अभ्यास करीत असताना एका वयोवृद्ध प्राध्यापकांनी काळाच्या स्वरूपावरचा पाठ म्हणून तो आम्हांला दाखवला होता. त्यानंतर मी तो चारपाच वेळा तरी पाहिला असेन. मंडळाच्या पोरांना कृष्णधवल चित्र पाहून प्रथम जांभया आल्या. गोल्फ खेळणाऱ्या दोन मित्रांची विनोदी गोष्ट आली तेव्हा काही जण उठून बाहेर गेले, आणि मला त्यांचा राग आला नाही. एच. जी. वेल्स ह्यांच्या कथेवरून बेतलेली ती गोष्ट ह्या चित्रपटातला एकमेव पांगळा भाग आहे. अमेरिकेत तो प्रथम प्रदर्शित झाला तेव्हा वितरकांनी ती कापूनच टाकली होती. मात्र त्यांनी तिच्याबरोबर नाताळची गोष्टही कापली, आणि हे अक्षम्य आहे. ते का, हे पुढे येईल.

शब्दभ्रमकाराची गोष्ट सुरू झाली आणि दिवाणखाना जागा झाला. मायकेल रेडग्रेव्ह ह्या थोर नटाने मॅक्सवेल फ्रेअर नावाचा कलावंत उभा केला आहे. त्याच्या मांडीवरचा ह्यूगो हा लाकडी बाहुला हळूहळू स्वतःच्या मर्जीने बोलू लागतो, मालकाचा पाणउतारा करतो, आणि शेवटी बाहुलाच मालकाच्या गळ्यातून बोलतो. मागच्या रांगेतून कुणी तरी ओरडले, “तात्या विंचू!” सगळे हसले. मराठी माणसाला बोलका बाहुला परका कसा वाटेल? यशवंत पाध्ये ह्यांनी १९१६ साली अर्धवटराव जन्माला घातले, रामदास पाध्ये ह्यांनी ती परंपरा पुढे चालवली, आणि महेश कोठारे ह्यांच्या १९९३ सालच्या ‘झपाटलेला’मधला बाहुलाही त्याच घरातून आला. पण ह्यूगो शेवटी बोलू लागला तेव्हा हसणे आपोआप थांबले.

प्रेक्षकांत एक गृहस्थ होते. त्यांच्याविषयी लिहितो ते त्यांच्या परवानगीने. आणि हे पापनिवेदनात ऐकलेले नाही. तेथे ऐकलेले कुणाच्याही परवानगीने लिहिता येत नाही. पाहुण्यांच्या खोलीत, चहाचा पेला हातात घेऊन त्यांनी सांगितलेली ही हकिकत आहे. ते मूळचे नगर जिल्ह्यातले, आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात तेथले. दिवाळ्यात खोली, मासळीचा टेम्पो चालवण्याचे काम, पत्नी, दोन मुली. आणि दारू. टेम्पो मालकाच्या दारी लावून ते पायी घरी निघतात, आणि वाटेवरच्या एका कोपऱ्यावर त्यांची संध्याकाळ ठरते. ते म्हणतात, “फादर, पहिल्या पावलाला मला समदं दिसतं. कोन भेटनार, काय बोलनार, घरी गेल्यावर काय फुटनार. थोरली दाराआड जाऊन उभी राहनार, ते बी दिसतं. आन् तरी पाय चालतच ऱ्हातो.”

चित्रपट संपल्यावर खुर्च्या आवरता आवरता त्यांनी मला विचारले, “त्याला ठाऊक हाय ना समदं? मग तो गाडीतनं उतरतोच कशाला?”

त्या रात्री मी काही बोललो नाही. ह्या प्रश्नाला समोरासमोर उभे राहून देण्याजोगे तयार उत्तर नसते.

गंमत अशी की हाच चित्रपट पाहून एके काळी तीन माणसे अगदी प्रसन्न चित्ताने घरी गेली होती. फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड हे तिघे तरुण शास्त्रज्ञ युद्धकाळात ब्रिटिश नौदलासाठी रडारच्या संशोधनावर एकत्र काम करीत असत आणि युद्धानंतर केंब्रिजमध्ये पुन्हा जमले. हॉइल ह्यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, तिघांनी हा चित्रपट पाहिला आणि त्याच्या गोल रचनेवरून गोल्ड ह्यांच्या मनात आले की विश्वही असेच असेल तर? चित्र हलते आहे, घटना घडत आहेत, आणि तरीही आरंभ नाही, शेवट नाही. कुठूनही पाहू लागा, सारखेच. आकाशगंगा एकमेकींपासून दूर जातात हे तोवर ठाऊक झाले होते. मग विश्व विरळ का होत नाही? तर रिकाम्या होणाऱ्या जागेत सतत थोडे थोडे नवे द्रव्य निर्माण होत असावे. १९४८ साली बाँडी आणि गोल्ड ह्यांनी मिळून एक आणि हॉइल ह्यांनी स्वतंत्रपणे दुसरा, असे दोन प्रबंध प्रसिद्ध केले, आणि ‘स्थिर स्थिती सिद्धांत’ जन्मास आला. एका भयपटाने विश्वाची कल्पना सुचवावी, असा योग शास्त्राच्या इतिहासात विरळाच.

आणि त्या विश्वाचा एक वारस मराठी निघाला. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला हॉइल ह्यांचे शिष्य झाले. १९६४ साली गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा आपला सिद्धांत मांडला. पुढच्याच वर्षी, १९६५ साली, पेन्झिअस आणि विल्सन ह्यांना अवकाशात सर्वत्र भरून राहिलेले सूक्ष्मतरंगांचे प्रारण सापडले, आणि आरंभीच्या महास्फोटाची खूण म्हणून बहुतेक शास्त्रज्ञांनी ते स्वीकारले. स्थिर स्थितीचा पक्ष ओस पडला. नारळीकर पडले नाहीत. १९७२ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, १९८८ साली पुण्याच्या ‘आयुका’चे संस्थापक संचालक झाले, आणि १९९३ साली हॉइल व जेफ्री बर्बिज ह्यांच्यासह त्यांनी जुन्या सिद्धांताची सुधारून घेतलेली आवृत्ती मांडली. तीत विश्व फुगते, आकसते, पुन्हा फुगते. आरंभ तेथेही नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. अल्पमतात राहूनही इतकी वर्षे सौजन्याने वाद करणारा मनुष्य विरळा. आपल्या वाचकांना आणखी एक योगायोग रुचेल. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, आणि त्यानंतरच्या, २०२१ सालच्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर. ‘प्रारंभी’ ह्या शब्दाने उघडणाऱ्या ग्रंथाचा उपासक आणि प्रारंभच न मानणारा गणिती, दोघांना मराठीने लागोपाठ एकच खुर्ची दिली.

महास्फोटाच्या कल्पनेचा जनक तर धर्मगुरूच होता. बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र ह्यांनी १९२७ साली प्रसरण पावणाऱ्या विश्वाचे गणित मांडले आणि १९३१ साली आदिम अणूची कल्पना. ‘बिग बँग’ हे नाव मात्र विरोधी पक्षाचे: १९४९ साली बीबीसीवरच्या भाषणात हॉइल ह्यांनी ते वापरले. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप पायस बारावे ह्यांनी आपल्या एका भाषणात ह्या नव्या विज्ञानात निर्मितीच्या क्षणाची साक्ष दिसते, अशा अर्थाचे उद्‌गार काढले. आपल्याला वाटेल, लमेत्र आनंदले असतील. ते अस्वस्थ झाले. गणित गणिताच्या जागी राहावे, त्यावर श्रद्धेचा मजला चढवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. मला ह्या प्रसंगात लमेत्र फार मोठे वाटतात.

सेमिनरीत शिकलेल्या मनुष्याला हे समजणे अवघड नाही, कारण सातशे वर्षांपूर्वी संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेच सांगितले होते. जगाला आरंभ आहे हे बुद्धीने सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेने स्वीकारायचे आहे. विश्व अनादि असते तरीही ते परमेश्वरावर अवलंबून असते. निर्मिती म्हणजे घड्याळातला पहिला ठोका नव्हे. तेव्हा हॉइल आणि नारळीकर ह्यांच्या विश्वाने माझी झोप कधी उडाली नाही. विश्व खुशाल गोल फिरो.

झोप उडते ती टेम्पोवाल्या गृहस्थाच्या प्रश्नाने. संत ऑगस्टीन ह्यांना हे नेमके दिसले होते. ‘देवनगरी’ ह्या ग्रंथाच्या बाराव्या भागात ते काळ चक्राकार मानणाऱ्या तत्त्वज्ञांशी झगडतात. तोच प्लेटो त्याच अथेन्समध्ये त्याच शिष्यांना अनंत वेळा शिकवीत राहणार असेल, तर कुणाचेही सुख खरे नाही, कारण ते पुन्हा गमवायचेच आहे. ख्रिस्त एकदाच मरण पावला, ह्यावर ऑगस्टीन पाय रोवून उभे राहतात. त्यांची चिंता ताऱ्यांविषयी नव्हती. वर्तुळात पश्चात्तापाला जागा नसते, ही त्यांची चिंता होती, आणि ती त्यांना पुस्तकातून आलेली नव्हती. ज्या सवयीतून सुटायला त्यांना स्वतःला तारुण्याची वर्षे लागली, ती सवय त्यांना चांगली आठवत होती.

येथे माझ्यावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो रास्त आहे. धर्मगुरूचे आयुष्यही गोलच नव्हे काय? रोज सकाळी तीच मिस्सा, तेच शब्द. दरसाल आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, पुनरुत्थान. बोटांतून फिरणारी तीच जपमाळ. मी ह्यावर पुष्कळ विचार केला आहे आणि मला मिळालेले अर्धे उत्तर दिवाळ्याच्या धक्क्यावरचे आहे. कोळ्याचे सारे आयुष्य भरतीओहोटीवर चालते. दिवसातून दोनदा पाणी चढते, दोनदा उतरते. पण काल आले त्या वेळी ते आज येत नाही. रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. अमावास्या पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. होडी काढणारा मनुष्य तिथी मोजतो, कालचे पाणी लक्षात ठेवतो, म्हणून आज वाळूत रुतत नाही. मिस्सेमध्ये आम्ही ‘माझ्या स्मरणार्थ’ हे शब्द उच्चारतो, तेही आठवण ठेवण्यासाठीच. क्रेगचे दुर्दैव हे की तो जागा झाला की विसरतो, आणि आठवते तेव्हा घराच्या आत असतो.

उरलेले अर्धे उत्तर चित्रपटातच आहे, आणि ते मला त्या गृहस्थाच्या प्रश्नामुळे दिसले. पहिली गोष्ट शर्यतीत मोटार चालवणाऱ्या ग्रेंजर नावाच्या तरुणाची आहे. अपघातानंतर तो इस्पितळात आहे. रात्री उठून तो पडदा सारतो, तर बाहेर लख्ख दिवस, खाली शववाहिनी उभी, आणि तिचा गाडीवान वर पाहून सांगतो की आत एकाची जागा आहे. पुढे बरा होऊन तो बसची वाट पाहत उभा असता बस येते. कंडक्टरचा चेहरा तोच, शब्दही तेच. ग्रेंजर दचकतो आणि बसमध्ये चढत नाही. बस निघते, आणि पुलावरून खाली कोसळते. एवढीच गोष्ट. क्रेगनेही ही गोष्ट ऐकली आहे! त्याच खोलीत बसून, सर्वांच्या आधी. सूचना मिळालेला एक मनुष्य चढला नाही, हे सांगणारा साक्षीदार त्याच्यासमोर बसला आहे, आणि क्रेगला त्यात केवळ आपल्या भीतीचा पुरावा दिसतो.

आरशाची गोष्टही तशीच. जोनने पीटरला भेट दिलेल्या जुन्या आरशात त्याला आपली खोली दिसत नाही. दुसरीच कुठली तरी खोली दिसते, जिच्यात शंभर वर्षांपूर्वी एका पतीने पत्नीचा गळा दाबला होता. पीटर एकटा पाहतो तोवर आरसा त्याला गिळत जातो. तो तिच्या गळ्याला हात घालतो त्या क्षणी तीही त्या आरशात पाहते, तिलाही ती खोली दिसते, आणि ती आरसा फोडते. त्याला जे एकट्याला फोडता येत नव्हते, ते दुसऱ्याने पाहिल्यावर फुटले.

आता नाताळची गोष्ट, जी अमेरिकन वितरकांनी कापली. सॅली नावाची मुलगी एका जुन्या वाड्यात नाताळच्या मेजवानीला जाते. लपाछपी खेळताना तिला एका बंद खोलीत एक लहान मुलगा रडताना सापडतो. तो म्हणतो, माझे नाव फ्रान्सिस केंट, माझी बहीण कॉन्स्टन्स मला मारणार आहे. सॅली त्याचे डोळे पुसते, त्याला झोपवते आणि खाली येते. तेव्हा तिला कळते की तो मुलगा कितीतरी वर्षांपूर्वी मारला गेला आहे. ह्यात किंचाळ्या नाहीत. पाच गोष्टींत भुताला जवळ घेणारी एवढी एकच.

ही नावे खरी आहेत. जून १८६० च्या अखेरीस इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील रोड हिल हाउस ह्या घरी चार वर्षांचाही न झालेला फ्रान्सिस सॅव्हिल केंट गळा चिरलेल्या स्थितीत सापडला. सोळा वर्षांची सावत्र बहीण कॉन्स्टन्स हिच्यावर संशय आला, पुरावा मिळाला नाही, ती सुटली. पाच वर्षे गेली. ब्रायटन येथे ॲंग्लिकन धर्मगुरू आर्थर वॅग्नर ह्यांच्या आश्रमात ती राहत होती. एप्रिल १८६५ मध्ये ती त्यांच्याबरोबर लंडनला आली आणि दंडाधिकाऱ्यापुढे तिने आपण होऊन कबुली दिली. वॅग्नर ह्यांना न्यायालयात विचारण्यात आले, तेव्हा पापनिवेदनात तिने काय सांगितले ते उघड करण्यास त्यांनी नकार दिला. त्यावरून इंग्लंडात मोठे वादळ झाले, प्रश्न संसदेत गेला. कॉन्स्टन्सला फाशीची शिक्षा झाली, ती जन्मठेपेत बदलली, आणि वीस वर्षांनी, १८८५ साली, ती सुटली. पुढल्या वर्षी ती ऑस्ट्रेलियाला गेली. तेथे रूथ एमिली काये ह्या नावाने परिचारिका झाली, मेटलंड येथे परिचारिकांच्या निवासाची व्यवस्था कित्येक वर्षे पाहिली, आणि १० एप्रिल १९४४ रोजी, शंभर वर्षांची होऊन, सिडनीत वारली. चित्रपट पडद्यावर येण्याच्या सुमारे दीड वर्ष आधी! रूथ काये म्हणजेच कॉन्स्टन्स, हे जगाला पुष्कळ उशिरा कळले. ईलिंगच्या मंडळींनी त्या मुलाला कायमचा त्या खोलीत रडत ठेवला, आणि त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला त्याची बहीण दुसऱ्यांच्या मुलांचे ताप उतरवून म्हातारी झाली होती.

तिची कबुली संपूर्ण खरी होती काय, ती कुणाला तरी पाठीशी घालत होती काय, ह्यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत. जो एक मनुष्य सांगू शकला असता तो बोलला नाही. त्या खुर्चीत बसण्याची सवय असल्यामुळे असेल, पण मला त्याचे गप्प बसणे ह्या साऱ्या प्रकरणातली सर्वांत स्वच्छ गोष्ट वाटते.

ही हकिकत मी त्या गृहस्थांना सांगितली, पाहुण्यांच्या त्याच खोलीत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. म्हणाले, “वीस वर्सं आत?” मी म्हटले, “वीस.” “आन् त्याच्यानंतर?” “साठ वर्षांच्या आसपास.” त्यांनी बोटांवर काही हिशेब केला. मग विचारले, “तिकडं तिला कुनी वळखलं न्हाई?” मी म्हटले, “एक जण ओळखत होता.” ते काही बोलले नाहीत, चहा मात्र आणखी मागितला.

त्यानंतर त्यांनी वाट बदलली आहे. कोपऱ्यावरून न येता ते खाडीच्या अंगाने, धक्क्यावरून वळसा घालून येतात. वीस मिनिटे जास्त लागतात. गुरुवारी चर्चच्या मागच्या खोलीत व्यसनमुक्तीची सभा भरते, तिला बसतात. सोडल्याचे दिवस ते मुलीच्या जुन्या वहीत मांडतात. एकदा एकसष्टावर जाऊन पुन्हा एकावर आले होते. मी हे लिहीत आहे त्या दिवशी सत्ताविसावा आहे. तरुण मंडळाने पुढच्या महिन्यात ‘झपाटलेला’ लावायचे ठरवले आहे, आणि दोन्ही मुलींना घेऊन येण्याचे त्यांनी कबूल केले आहे.